उरलेल्या रंगाला वाली कोण?

व्यापाऱ्यांचे संघ सरकारदरबारी जातात ते बहुधा एखादा कर माफ व्हावा, एखादी अट शिथिल व्हावी, किंवा येऊ घातलेला एखादा कायदा जमल्यास कायमचा, नाहीतर निदान पुढच्या अधिवेशनापर्यंत तरी तहकूब व्हावा, एवढ्यासाठीच. या सर्वसाधारण अनुभवाच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉन राज्याच्या विधिमंडळात २००९ साली घडलेली गोष्ट काहीशी विलक्षणच म्हटली पाहिजे. घरोघर उरणाऱ्या रंगाची व्यवस्था लावण्याचे काम रंगाच्या कारखानदारांवर कायद्याने सोपवावे, अशा आशयाच्या मसुद्याला त्या साली खुद्द कारखानदारांच्या राष्ट्रीय संघाने नुसती संमती दिली असे नाही, तर तो मंजूर व्हावा म्हणून खटपटही केली. कारखानदारांना एकाएकी परोपकाराची उपरती झाली असे मानण्याचे मात्र कारण नाही. या मागणीच्या मुळाशी व्यवहाराचा चोख हिशेब होता, आणि तो समजावून घेतला म्हणजे एखाद्या उपद्रवी वस्तूचा भार उद्योगाने आणि सरकारने आपसांत कसा वाटून घ्यावा, याचा एक बऱ्यापैकी नमुना हाती लागतो.

मुळात रंग उरतोच का, येथून आरंभ केला पाहिजे. गॅलनभर, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, रंगात साडेतीनशे ते चारशे चौरस फूट भिंतीवर एक हात बसतो असा ढोबळ हिशेब असतो. पण भिंती मापायच्या, त्यांतून दारे-खिडक्या वजा करायच्या, हात दोन द्यायचे की तीन हे ठरवायचे आणि मगच डबे आणायचे, एवढा धीर सुटीच्या दिवशी हौसेने स्वतःचे घर स्वतः रंगवायला निघालेल्या अमेरिकन गृहस्थाला कुठला? काम अर्ध्यावर असता रंग संपला आणि पुढच्या डब्याची छटा केसभर जरी वेगळी निघाली, तरी तो सांधा पुढच्या रंगकामापर्यंत डोळ्यांत खुपत राहणार, ही धास्ती असते. मोठा डबा लहान डब्यापेक्षा मापामागे स्वस्त पडतो, हे आमिष असते. आणि दुकानातल्या यंत्रावर फर्माईशीप्रमाणे छटा मिसळून घेतलेला रंग दुकानदार परत घेत नाही, हा बाजाराचा रिवाज असतो. या साऱ्याचा परिणाम असा की, विकल्या जाणाऱ्या घरगुती रंगापैकी सुमारे दहा टक्के रंग न वापरता उरतो, असा तेथील केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे; आणि त्या देशात वर्षाला कोट्यवधी गॅलन रंग खपतो हे लक्षात घेतले, म्हणजे तळघरांतून आणि गॅरेजांतून साठत गेलेल्या त्या डब्यांचा पसारा केवढा असेल याची कल्पना येते.

हा पसारा सर्वच सारख्या धोक्याचा नसतो. तेलाचा रंग, व्हार्निश आणि तत्सम पदार्थ ज्वालाग्राही असतात, त्यांतली द्रावके हवेत उडून जाणारी आणि आरोग्याला अपायकारक असतात, आणि म्हणून त्यांची गणना उघडच घातक कचऱ्यात होते. पाण्याचा रंग, ज्याला आपले रंगारी इमल्शन म्हणतात, त्यामानाने निरुपद्रवी. पण जुन्या डब्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशाला १९७८ साली बंदी झाली आणि घराच्या आतल्या पाण्याच्या रंगांतून पारा १९९० साली हद्दपार झाला. त्यापूर्वीचा डबा कोणाच्या तळघरात दडलेला असेल तर त्यात काय आहे हे झाकणावरून कळत नाही. शिवाय, निरुपद्रवी असला तरी द्रवरूप रंग कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की डबा फुटतो, रस्त्यावर ओघळ लागतो, आणि मोरीत ओतला तर तो सांडपाण्याबरोबर नदीकडे निघतो.

या संकटाला तोंड देण्याचे काम बरीच वर्षे एकट्या स्थानिक संस्थांच्या गळ्यात पडले होते. घरगुती घातक कचरा गोळा करणारी केंद्रे नगरपालिकांनी आणि काउंट्यांनी उघडली, ठरावीक शनिवारी मोटारींच्या रांगा लागू लागल्या, आणि तिथे येणाऱ्या मालात सर्वांत मोठा वाटा रंगाचाच असतो असे दिसून आले. केंद्र जितके लोकप्रिय, तितकी पालिकेची तिजोरी रिकामी. तेव्हा कित्येक ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी पाण्याचा रंग घेणेच बंद केले आणि नागरिकांना असा उपदेश केला की, उरलेल्या रंगात लाकडाचा भुसा किंवा मांजराच्या शौचासाठी विकत मिळणारी माती कालवावी, तो घट्ट वाळू द्यावा आणि मग झाकण उघडे ठेवून नेहमीच्या कचऱ्यात टाकावा. चांगल्या रंगाची किंमत मोजायची, आणि तो उरला की त्याची माती करण्यासाठी आणखी माती विकत घ्यायची, असा हा तोडगा होता. तो बिनखर्चाचा आहे असे फक्त पालिकेच्या दप्तरातच म्हणता आले असते.

वाटाघाटींचा आरंभ यातून झाला. बोस्टन येथे स्कॉट कॅसल यांनी २००० साली स्थापन केलेल्या प्रॉडक्ट स्ट्यूअर्डशिप इन्स्टिट्यूट या संस्थेने २००३ च्या अखेरीस राज्यांचे आणि स्थानिक संस्थांचे अधिकारी, रंगाचे कारखानदार, किरकोळ विक्रेते, उरलेला रंग पुन्हा तयार करणारे लहान उद्योजक आणि केंद्रीय पर्यावरण खाते यांना एका मेजाभोवती बसवले. पहिला करारनामा २००५ मध्ये झाला, दुसरा २००७ मध्ये. मधल्या काळात, उरलेला रंग गोळा करून पुन्हा वापरात आणणे हे खर्चाच्या आणि निसर्गाच्या दोन्ही हिशेबांत खरोखर परवडते का, याची रीतसर छाननी करण्यात आली. या छाननीचे महत्त्व आपण कमी लेखू नये. डबे गोळा करणाऱ्या ट्रकने जाळलेले इंधन जर डब्यातल्या रंगापेक्षा महाग पडत असेल, तर सारा खटाटोप पुण्यकर्माच्या वेषातला अपव्यय ठरला असता. पाण्याच्या रंगात टिटॅनियम डायऑक्साइड नावाचे जे पांढरे द्रव्य असते, ते तयार करण्यात ऊर्जा आणि रसायने भरपूर खर्ची पडतात. तो रंग भुशात कालवून फेकणे म्हणजे तेवढा साराच खर्च मातीमोल करणे होते.

प्रयोगासाठी प्रथम मिनेसोटा राज्याची निवड झाली. विधिमंडळाने विधेयक संमत केले, पण राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला. म्हणून मंडळी ऑरेगॉनकडे वळली आणि तेथे कायदा होऊन जुलै २०१० पासून त्याचा अंमल सुरू झाला. आरंभी तो मुदतीचा होता. २०१३ साली कायम झाला. मिनेसोटानेही त्याच वर्षी आपला कायदा केला, हा त्या इतिहासातला एक सौम्य विनोद.

आता कारखानदारांना कायदाच का हवा होता, याकडे येऊ. समजा, पाचपन्नास मोठ्या कंपन्यांनी स्वखुशीने ठरवले की आपण दर डब्यामागे काही रक्कम बाजूला काढून उरलेला रंग गोळा करू. पहिली अडचण अशी की, या बेतात सामील न होणारा एखादा कारखानदार आपला डबा तेवढ्या रकमेने स्वस्त विकणार, आणि त्याच्या डब्यात उरलेला रंगही गोळा करण्याचा खर्च मात्र सामील झालेल्यांच्याच बोडक्यावर बसणार. कारण गोळा करणाऱ्या केंद्रावर उभा असलेला मनुष्य डब्यावरची कंपनी पाहून नकार देऊ लागला तर योजनाच कोलमडते. दुसरी अडचण याहून नाजूक. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र बसून सर्वांनी ग्राहकाकडून सारखीच जादा रक्कम घ्यायची असा ठराव केला, तर तो हेतूने कितीही शुद्ध असला तरी अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने भाव संगनमताने ठरवण्याचा गुन्हा होण्याची भीती असते. या दोन्ही पेचांतून सोडवणूक करणे फक्त सरकारच्या हाती होते. कायद्याने सर्व उत्पादकांना योजनेत सामील होणे बंधनकारक केले. जो सामील होणार नाही त्याचा रंग दुकानदाराने राज्यात विकू नये असे बजावले. आणि योजनेपुरते एकत्र येण्याला संगनमताच्या आरोपातून संरक्षण दिले. उद्योगाने सरकारकडे मागितले ते हे अभय, आणि त्याच्या बदल्यात सरकारने मागितली देखरेख. माझ्या मते सारा सौदा या एका देवघेवीत सामावलेला आहे. बाकीच्या तरतुदी तिच्या पोटातून निघाल्या.

देखरेखीचे स्वरूप असे. कारखानदारांच्या संघाने, जो आता अमेरिकन कोटिंग्ज असोसिएशन या नावाने ओळखला जातो, या कामासाठी २००९ मध्ये पेंटकेअर नावाची ना-नफा संस्था स्थापन केली. प्रत्येक राज्यात आपण काय आणि कसे करणार याचा आराखडा या संस्थेने पर्यावरण खात्याला सादर करायचा, खात्याने तो तपासून मंजूर करायचा. फी किती असावी हेही मंजुरीखेरीज ठरत नाही, आणि ती खर्च भागेल एवढीच असावी, तीतून नफा होता कामा नये, अशी अट असते. दरवर्षी किती रंग जमा झाला, त्याचे काय केले आणि पैसा कोठे गेला, याचा तपासलेल्या हिशेबांसह अहवाल द्यावा लागतो. पुढच्या काही राज्यांच्या कायद्यांत, नव्वद टक्के रहिवाशांना पंधरा मैलांच्या आत केंद्र मिळाले पाहिजे, असे अंतराचे मापही घालून दिले गेले. पैसा सरकारी खजिन्यात जातच नाही, ही यातली सर्वांत धोरणी गोष्ट. कारण एकदा खजिन्यात गेलेली रक्कम पुढच्या तुटीच्या वर्षी कोणत्या खात्याकडे वळेल याची हमी कोणताही अर्थमंत्री देऊ शकत नाही.

दुकानात ही व्यवस्था अगदी साधी दिसते. ऑरेगॉनमध्ये आरंभी अर्ध्या पिंटापर्यंतच्या डबीला काहीच फी नव्हती. त्याहून मोठ्या पण गॅलनपेक्षा लहान डब्याला ३५ सेंट, गॅलनच्या डब्याला ७५ सेंट, आणि त्यापुढे पाच गॅलनच्या बादलीपर्यंत १ डॉलर ६० सेंट. ही फी अनामत नाही; डबा परत केला म्हणून काही मिळत नाही. बाटलीसारखी अनामत का ठेवली नाही, असा प्रश्न सहज सुचतो. पण बाटली परत येण्यासाठीच असते, रंग मात्र संपण्यासाठी असतो, आणि दहातील नऊ भाग रंग भिंतीवर गेला तर ती योजनेची फजिती नसून यश आहे. उलट, डबा आणून देताना फी घेतली असती, तर मोरीचा मार्ग पूर्वीप्रमाणेच फुकट राहिला असता. म्हणून पैसे आधी आणि सर्वांकडून, आणि परत देणे विनामूल्य, असा तोडगा निघाला. केंद्रे बहुतेक रंगाच्या आणि लोखंडी सामानाच्या दुकानांतच आहेत, आणि दुकानदारांवर त्याची सक्ती नाही. डबा मूळचा, झाकण घट्ट, लेबल शाबूत आणि गळती नसलेला असला म्हणजे झाले. दुकानातला नोकर तो उघडत नाही; अस्तर लावलेल्या मोठ्या खोक्यात उभा ठेवतो, आणि खोकी भरली की कंत्राटदाराची गाडी ती उचलून नेते. स्प्रेचे डबे, थिनर आणि मोटारीचे रंग मात्र घेत नाहीत.

पुढचे काम पाहण्यासारखे असते. पोर्टलंड परिसराच्या मेट्रो या प्रादेशिक संस्थेने तर कायदा होण्याच्या पुष्कळ आधी, १९९० नंतरच्या दशकातच, पाण्याचा रंग पुन्हा तयार करण्याचा कारखाना चालवला होता, आणि पेंटकेअरने तो अनुभव आयता उचलला. प्रत्येक डबा हाताने उघडावा लागतो. वरची साय काढायची, रंग ढवळायचा, पाहायचा आणि हुंगायचाही, कारण जंतूंनी खाल्लेला रंग वासावरून लगेच ओळखू येतो, आणि थंडीत गोठून पुन्हा वितळलेला रंग फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यागुठळ्यांचा झालेला असतो. जे निभावण्याजोगे असते त्याची पांढरे, पिवळट, तपकिरी, निळे अशी विभागणी करून मोठ्या पिंपांत ओतणी होते, तो रंग गाळला जातो, त्याचे गुणधर्म तपासून लागेल ते द्रव्य मिसळले जाते, आणि ठरावीक छटांचा नवा रंग स्वस्त भावाने पुन्हा विक्रीला येतो. ज्या डब्यांना हातही लागलेला नसतो असे पुष्कळ डबे ही सारी यातायात टाळून हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून जसेच्या तसे विकले जातात. तेलाच्या रंगाचे नशीब इतके चांगले नाही. तो बहुतांशी इंधनात मिसळून जाळला जातो.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे म्हणण्याचा माझा इरादा नाही. पहिला आक्षेप असा की, जबाबदारी कारखानदाराची असे म्हणता म्हणता फी भरतो तो ग्राहकच. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची जी कल्पना मांडली, तिचा रोख असा होता की, वस्तूच्या अखेरीचा खर्च उत्पादकाला सोसावा लागला म्हणजे तो वस्तूच अशी घडवील की तो खर्च कमी होईल. सर्वांना सारखी फी, ती सरळ किमतीवर चढवलेली, अशा व्यवस्थेत तो टोचा बोथट होतो. कमी रंग उरेल अशा मापांचे डबे काढणाऱ्या कंपनीला येथे बक्षीस नाही. दुसरा आक्षेप न्यायाचा. आज डबा घेणारा तरुण जी फी भरतो, तीतून चाळीस वर्षांपूर्वी कोणी दुसऱ्याने घेतलेल्या, कदाचित बुडीत निघालेल्या कंपनीच्या, डब्याची विल्हेवाट लागते. पण हा दुसरा आक्षेप मला फारसा पटत नाही, कारण पूर्वी तोच खर्च कधीही भिंतीला ब्रश न लावणाऱ्या करदात्याकडूनही वसूल होतच होता; पहिला मात्र गंभीर आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

ऑरेगॉनचा दाखला अगदी पहिला होता असेही नाही. शेजारच्या कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९४ सालीच रंगासाठी असा नियम केला होता. ऑरेगॉननंतर कॅलिफोर्निया, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट, कोलोरॅडो, मेन अशी राज्ये एकामागून एक आली, आणि न्यूयॉर्कमध्ये २०१९ च्या कायद्याचा अंमल २०२२ मध्ये सुरू झाला. ऑस्ट्रेलियाने निराळी वाट धरली: तेथे २०१६ पासून पेंटबॅक ही योजना चालते, लिटरमागे १५ सेंट घेतले जातात, आणि तसा कायदा कोणी केलेला नाही, बाजाराचा फार मोठा हिस्सा मूठभर कंपन्यांच्या हाती असल्यामुळे त्यांचे आपसांत जमले. तरीही सर्वांनी सारखी रक्कम घ्यायची तर स्पर्धा आयोगाची परवानगी त्यांनाही आधी मिळवावी लागलीच.

आपल्याकडे कायद्याने डब्याची दखल घेतली आहे, डब्यात उरलेल्या रंगाची घेतलेली नाही. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांवर जाऊ नये, असा नियम २०१६ साली झाला. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी टाकून दिलेले रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले, आणि दर वीस चौरस किलोमीटरमागे अशा कचऱ्याचे एक संकलन केंद्र स्थानिक संस्थेने उघडावे असे फर्मावले. रंगाची प्लास्टिकची बादली वेष्टन म्हणून उत्पादकाच्या जबाबदारीत येते; बॅटऱ्या, टायर आणि वापरलेले तेल यांनाही तशी कलमे लागू झाली. पण समजा, आपल्या एखाद्या पालिकेने केंद्रे उघडली आणि नागरिकांनी अर्धे भरलेले डबे इमानेइतबारे आणून दिले, तर तेथून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचऱ्याच्या प्रकल्पापर्यंतची वाहतूक आणि तेथील आकार कोणी भरायचा? आज तरी पालिकेनेच. म्हणजे आपण ऑरेगॉनच्या २००९ पूर्वीच्या अवस्थेत आहोत.

आपल्याकडे या वाटणीत आणखी एक असामी मोजावी लागेल, आणि ती रंगाऱ्याची. अमेरिकेत डबा घेणारा आणि परत आणणारा पुष्कळदा घरमालकच असतो. इथे किती डबे आणायचे हे बहुधा रंगारी सांगतो, कंपन्या त्याच्यासाठी डब्यात टोकन ठेवतात, त्यामुळे एखादा डबा जास्त आणला गेला तर त्याचे नुकसान नसते, आणि उरलेल्या पाचसहा रंगांचे मिश्रण करून जिन्याच्या भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्याला राखी हात मारण्याचे कसबही त्याचेच. उरलेला डबा दुकानात परत आणल्याबद्दल दुसरे एखादे टोकन देणे कोणत्याही कंपनीला उद्यापासून शक्य आहे. त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. मात्र ती कंपनी स्वतःचेच डबे घेईल, शेजारच्या कंपनीचे घेणार नाही, आणि नामशेष झालेल्या कारखान्याचे डबे पोटमाळ्यावरच राहतील. सर्वांनी सर्वांचे डबे घ्यावेत आणि त्याचा खर्च सारख्या दराने वाटून घ्यावा असे ठरवायचे झाले, तर कारखानदारांना आपल्याकडेही सरकारच्या दारात जाऊन त्याच अभयाची मागणी करावी लागेल.